पेटीतला सूर, डबीतला सूर

आपल्या घरांतून गिटार ही आता परकी वस्तू राहिलेली नाही. रविवारच्या मिस्सेत, लग्नाच्या मांडवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात ती दिसतेच. मात्र विजेवर चालणाऱ्या गिटारीची एक गंमत तिच्या चाहत्यांनाही बहुधा ठाऊक नसते. साध्या गिटारीचा सूर तिच्या पोकळ पोटात घुमून बाहेर पडतो. विजेच्या गिटारीला असे पोट नसते. बहुतेक वेळा ती लाकडाची भरीव फळीच असते. तार थरथरली की तिच्याखालच्या चुंबकाभोवती गुंडाळलेल्या बारीक तारेत व्होल्टाच्या दहाव्या हिश्श्याएवढी वीज जागी होते. सूर म्हणायचा तो एवढाच. त्याला जाडी, धार, ऊब असे जे काही लाभते ते पुढे ॲम्प्लिफायरमध्ये. म्हणूनच जाणते वादक ॲम्प्लिफायरला वाद्याचेच दुसरे अंग समजतात.

हे अंग एका देहातून काढून दुसऱ्या देहात घालता येईल काय, असा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एका घरात उभा राहिला आणि त्याचे उत्तर शोधण्याच्या कामी माझाही हात लागला. सेमिनरीत असताना लाउडस्पीकरची व्यवस्था माझ्याकडे असे. डाख देण्याच्या तापत्या लोखंडाशी माझी मैत्री तेव्हापासूनची. धर्मगुरूने असल्या खटपटीत पडावे का, असे एका भल्या गृहस्थांनी मला विचारलेही होते. त्यांच्या घरचा रेडिओ दुरुस्त करून दिल्यापासून ते विचारीत नाहीत.

घर आहे एका जुन्या वादकाचे. वय ब्याऐंशी. १९७० नंतरच्या दशकात ते मुंबईत लग्नसमारंभांतून आणि नाचाच्या कार्यक्रमांतून विजेची गिटार वाजवीत. आयातीवरच्या निर्बंधांमुळे परदेशी ॲम्प्लिफायर त्या काळी साध्या वादकाच्या आवाक्यात नव्हता. तेव्हा एका रेडिओ-मिस्त्रीला हाताशी धरून, विलायती आराखडा समोर ठेवून त्यांनी स्वतःच एक बांधला. सागाच्या फळ्यांची पेटी, लोखंडी ट्रान्सफॉर्मर, आणि आत काचेचे व्हॉल्व्ह, त्यांतले काही बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनविलेले. ह्या पेटीचा आवाज मी ऐकला आहे. हळू वाजविले तर तो स्वच्छ असतो. तारेवर जोर दिला की किंचित खरखरतो, जसा भावनेच्या भरात एखाद्या चांगल्या गायकाचा गळा दाटतो. आमच्या भागातील कित्येक जोडपी ह्या आवाजावर आपल्या लग्नात नाचली आहेत.

त्यांची नात अभियांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गायकवृंदात गिटार वाजविते. तिला आजोबांचा तो आवाज हवा होता. पण वीस किलोच्या वर वजनाची पेटी घेऊन विरार लोकलमध्ये चढणार कोण? शिवाय पेटीचे वय झालेले. मोठे कंडेन्सर फुगले होते आणि ती आणखी किती वर्षे बोलेल ह्याची खात्री नव्हती. तिच्या आईला तर ती पेटी घरात नकोच होती, आणि त्यांची भीती अगदी रास्त होती. अशा पेटीच्या आत चारशेहून अधिक व्होल्टांचा दाब खेळत असतो आणि बटण बंद करून, प्लग काढल्यानंतरही तो कंडेन्सरमध्ये बराच वेळ दबा धरून राहतो. ज्यांच्या घरी अशी जुनी वस्तू असेल त्यांनी जाणकाराशिवाय तिचे झाकण उघडू नये, हे येथेच सांगून ठेवतो.

नातीने आजोबांना सांगितले, "पेटीतला आवाज मी एका डबीत उतरवते." पायाने दाबायची, नऊ व्होल्टांच्या बॅटरीवर चालणारी छोटी लोखंडी डबी, वादक जिला पेडल म्हणतात. आजोबांनी विरोध केला नाही. अट मात्र घातली. "डबी कर. पण तिला माझे नाव लावण्याआधी मला ऐकव."

आता हा आवाज मुळात आला कोठून, ते पाहिले पाहिजे. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट ह्यांनी काचेच्या निर्वात नळीत तिसरे टोक बसविले आणि क्षीण विजेला बळ देणारा व्हॉल्व्ह जन्माला आला. नळीतला कॅथोड तापतो, त्यातून इलेक्ट्रॉन निघतात आणि उच्च दाबाच्या ॲनोडकडे झेपावतात. मध्ये ग्रिड नावाची जाळी. जाळीवर गिटारीची इवलीशी वीज आली की ती ह्या मोठ्या प्रवाहाला, कालव्याच्या फळीने पाणी अडवावे-सोडावे तशी, अडविते-सोडते. शक्तीपलीकडचे काम सांगितले की नळी थकते आणि लाटेची टोके गोलसर दबतात. अभियंत्यांच्या लेखी हा दोष होता. वादकांना तोच आवडला.

मूळ सुराच्या दाबलेल्या लाटेतून नवे उपसूर निघतात. त्यांतला दुप्पट कंपनांचा म्हणजे आपला वरचा सा. तिपटीचा म्हणजे त्या वरच्या सप्तकातला पंचम. हे दोघे सुराच्या घरचेच. सातव्या पटीचा उपसूर मात्र सप्तकात कोठे नीट बसत नाही आणि कानाला टोचतो. एकेरी व्हॉल्व्ह हळूहळू थकतो, त्यामुळे जवळच्या नातलगांना आधी बोलावतो. एकदम कडेलोट होणारे यंत्र दूरच्या, भांडखोर मंडळींनाही सोबत आणते. ऊब आणि कर्कशपणा ह्यांतला फरक बराचसा येथे आहे.

आजोबांनी समोर ठेवलेला आराखडा मार्शल ह्या इंग्रज ॲम्प्लिफायरच्या घराण्यातला. जिम मार्शल हे पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात ड्रम शिकवीत आणि वाद्यांचे दुकान चालवीत. अमेरिकन फेंडर कंपनीचा 'बासमन' ॲम्प्लिफायर इंग्लंडात फार महाग पडे. तेव्हा त्यांनी केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन ह्यांच्या साहाय्याने १९६२ साली तोच आराखडा आपल्याकडे मिळणारे सुटे भाग वापरून बांधला. पहिल्या जागी अमेरिकन १२एवाय७ ऐवजी अधिक बळाचा ईसीसी ८३ आला, दहा इंची स्पीकरच्या मागून उघड्या पेटीऐवजी बारा इंची स्पीकरची बंद पेटी आली, आणि एक निराळाच, जास्त रागीट आवाज जन्मला. गंमत अशी की बासमन मुळात खर्जाच्या गिटारीसाठी काढलेला होता. म्हणजे अमेरिकेहून लंडन, आणि तिथून आमच्या गावच्या सागाच्या पेटीपर्यंत ह्या आवाजाने जागोजागी देह बदलला होता. नातीने हाती घेतलेले काम त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल होते. फक्त ह्या वेळी नळीच जाणार होती.

नळीची जागा घेणारा ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मला. पायाखालच्या डबीत शिरायला त्याला फार वेळ लागला नाही, आणि त्याचे निमित्तही एक बिघाडच ठरला. मार्टी रॉबिन्स ह्यांच्या १९६१ साली गाजलेल्या एका गीताच्या ध्वनिमुद्रणात नॅशव्हिल येथे यंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन ह्यांची गिटार फाटक्या आवाजात गुरगुरली. तो तुकडा तसाच ठेवला गेला. पुढे ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी ह्यांनी तो आवाज तीन ट्रान्झिस्टरांच्या साहाय्याने मुद्दाम निर्माण केला, आणि १९६२ साली 'माएस्ट्रो फझ-टोन' ही डबी बाजारात आली. पण ती आवाज फाडीत असे. व्हॉल्व्हसारखा दाटवीत नसे. नळीचे थकणे ट्रान्झिस्टरात आणण्याचे प्रयत्न त्यानंतर अनेकांनी केले. १९८९ साली न्यू यॉर्कच्या टेक २१ कंपनीचा 'सॅन्सॲम्प' त्यांपैकी एक. आज संगणक हे काम गणिताने करतो आणि ते पुष्कळ चांगले करतो, हे मान्य. पण नातीला आजोबांच्या पेटीची नक्कल विकत घ्यायची नव्हती. त्या पेटीत काय आहे हे तिला स्वतः समजून घ्यायचे होते. त्या हट्टामुळेच मी तिच्या बाजूचा झालो.

नळीच्या सर्वांत जवळ जाणारा ट्रान्झिस्टर म्हणजे एफईटी. साध्या ट्रान्झिस्टरला चालायला आधी थोडा प्रवाह पाजावा लागतो. एफईटी व्हॉल्व्हप्रमाणे केवळ दाबावर हलतो. त्यालाही तीन टोके. ग्रिडच्या जागी गेट, कॅथोडच्या जागी सोर्स, ॲनोडच्या जागी ड्रेन. ह्यावरून एक सोपी युक्ती हौशी लोकांत रूढ आहे. ॲम्प्लिफायरच्या पुढच्या भागाचा, म्हणजे प्रीॲम्पचा, आराखडा घ्यावा. प्रत्येक नळी खोडून तिथे एफईटी काढावा. तीनशे व्होल्ट खोडून नऊ लिहावेत. ॲनोडवरच्या १०० किलोओहमच्या रेझिस्टरऐवजी स्क्रूने फिरणारा रेझिस्टर लावावा आणि ड्रेनवर निम्म्याच्या जवळपास, साडेचार-पाच व्होल्ट मिळेपर्यंत तो फिरवावा. झाली डबी.

नातीने आधी नेमके हेच केले. डबी बोलली. आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा होता. शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर वाचताना व्याकरण बिनचूक असूनही माणूस बोलतो आहे असे वाटत नाही, त्यातलाच हा प्रकार.

कारण शोधताना पहिला धागा एका कंडेन्सरपाशी सापडला. पेटीत पहिल्या नळीच्या कॅथोडला २.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर ०.६८ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर होता. ही जोडी सेकंदाला सुमारे ८७ कंपनांपाशी आपले काम सुरू करते. एफईटीला तिथे ४७० ओहमचा रेझिस्टर मानवला, म्हणून तो बदलला. कंडेन्सर मात्र आराखड्यातला तसाच राहिला. त्याने ती सीमा ५०० कंपनांवर गेली आणि खर्जाच्या बाजूची भरघोस जाडी हरवली. कंडेन्सर चार मायक्रोफॅरडच्या आसपास नेला तशी ती परत आली. आकडा जपायचा नव्हता. दोन आकड्यांचे आपसातले नाते जपायचे होते. सेमिनरीत ॲरिस्टॉटलचे 'द्रव्य आणि आकार' हे प्रकरण शिकताना मी जांभया दिल्या होत्या. ते असे एका कंडेन्सरपाशी भेटेल असे तेव्हा वाटले नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक गूढ होती. डबीच्या आवाजाला वरच्या टोकाला एक काचेरी किनार होती, पेटीच्या आवाजाला ती नव्हती. पण ती किनार घासून काढणारा कोणताही भाग पेटीच्या आराखड्यात दिसेना. तो आराखड्यात नव्हताच. नळीच्या पोटात होता. ईसीसी ८३ च्या ग्रिड आणि ॲनोड ह्यांच्यात, केवळ ते शेजारी असल्यामुळे, सुमारे १.७ पिकोफॅरडची नगण्य धारकता असते. पण नळी सूर साठ पट वाढविते आणि त्या हिशेबात ही धारकताही साठ पट होऊन शंभर पिकोफॅरडच्या घरात जाते. मागून येणाऱ्या ४७० किलोओहमच्या रेझिस्टरशी तिची गाठ पडली की काही हजार कंपनांच्या पुढचा तीक्ष्ण भाग आपोआप गाळला जातो. एफईटी नऊ व्होल्टांवर जेमतेम दहा पट बळ देतो, म्हणून हा अदृश्य कंडेन्सर त्याच्याजवळ फार लहान. आराखडा काढणाऱ्याने तो कधी काढला नव्हता, कारण तो त्याला न मागता मिळत होता. नातीने ठरावीक जागी एक चिमुकला कंडेन्सर जोडून तो उघडपणे मांडला. बळ कमी पडले तिथे नळ्यांच्या दोन टप्प्यांमधले सूर निम्मा करणारे रेझिस्टर काढून टाकले. दाट दुधात पेटी पाणी घालीत होती. डबीचे दूध मुळातच पातळ.

नंतर आली एफईटींची निवड, आणि येथे फार चिकाटी लागते. एकाच जातीचे दोन ईसीसी ८३ बरेचसे सारखे वागतात. २एन५४५७ ह्या एफईटीचे तसे नाही. तो पूर्ण बंद व्हायला लागणारा दाब अर्ध्या व्होल्टापासून सहा व्होल्टांपर्यंत कितीही असू शकतो, असे बनविणाऱ्यांचेच तक्ते सांगतात. शिवाय लांब पायांचा हा जुना प्रकार आता दुर्मिळ झाला आहे आणि बाजारात नकली मालही फिरतो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेले वीस नग एकेक करून मापले. पाच मनाजोगते निघाले. असे मापण्यामागे गणितही आहे. नळीतला प्रवाह दाबाच्या दीड घाताने वाढतो, एफईटीतला वर्गाने; दाब दुप्पट केला तर नळीत प्रवाह सुमारे २.८ पट, एफईटीत चौपट. मात्र प्रत्येक एफईटीचे माप घेऊन त्याच्या सोर्सला नेमका रेझिस्टर लावला तर त्याचे वळण नळीच्या वळणाच्या पुष्कळ जवळ येते. जाणकारांनी हे मांडून दाखविले आहे. कानालाही ते पटले.

तरीही चर्चमध्ये डबी थेट मिक्सरला जोडली तेव्हा मधमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखा आवाज झाला. गायकवृंदातली मुले हसू लागली. गिटारीच्या पेटीतला स्पीकर साधारण पाच हजार कंपनांच्या वर जवळजवळ मुका होतो; प्रवचनासाठी लावलेले आपले स्पीकर त्याच्या कितीतरी वर बोलतात. म्हणजे स्पीकरचा हा बहिरेपणासुद्धा आजोबांच्या आवाजाचाच भाग होता. डबीच्या शेवटी तेवढ्यापुरती गाळणी बसवावी लागली, आणि मोहोळ शांत झाले.

एवढे झाल्यावर, ऑक्टोबरच्या एका दुपारी, आजोबांना ऐकविण्याचे ठरले. पेटी त्यांच्या खोलीत, शेजारी छोटा मिक्सर आणि डबी. फुगलेले कंडेन्सर बदलून मिस्त्रीने पेटी त्या दिवसापुरती बरी केली होती. नातीने तीच चार वाक्ये आधी पेटीतून, मग डबीतून वाजविली. आजोबांचा एक कान आता अधू आहे. दुसरा पुढे करून, डोळे मिटून ते ऐकत होते. पुन्हा वाजवायला लावले. तिसऱ्यांदाही. मला, खरे सांगतो, परीक्षेच्या निकालासारखे वाटत होते. त्या मुलीचे काय झाले असेल ते तिलाच ठाऊक.

"सुरुवात माझी आहे," ते म्हणाले. "शेवट माझा नाही."

इतके अचूक निदान मीटरनेही केले नसते. पेटीत एक जोरकस सूर छेडला की शेवटचे मोठे व्हॉल्व्ह एकदम पुष्कळ वीज मागतात, आणि जुना, बेताचा ट्रान्सफॉर्मर ती पुरवताना दमतो. दाब क्षणभर खाली बसतो आणि सूर ओसरू लागला की पुन्हा वर चढतो. त्यामुळे सूर आधी दबतो आणि मग उमलतो. हे सगळे घडते पेटीच्या मागच्या भागात. डबीत उतरला होता तो फक्त पुढचा भाग. बॅटरीच्या वाटेत रेझिस्टर घालून हे साधेल का, असे नातीने लगेच विचारले. साधणार नव्हते. तिच्या डबीतले चार एफईटी वाजवा अथवा न वाजवा, जवळपास तेवढाच प्रवाह घेत बसतात. जो कधी जास्त मागतच नाही त्याला दमविणार कसे? मी तिला तसे सांगितले आणि ती थोडी हिरमुसली.

आजोबांनी गिटार स्वतःच्या मांडीवर घेतली. बोटे आता आखडली आहेत, पूर्वीसारखी धावत नाहीत. त्यांनी एकच सूर छेडला आणि छेडतानाच करंगळीने आवाजाचे बटण जरासे मागे ओढून, सूर विरू लागताच हळूच पुढे ढकलले. डबीतून सूर उमलला. पेटीसारखा तंतोतंत नव्हे, पण उमलला. "हे हाताने करायचे," ते नातीला म्हणाले, "पेटी माझ्यासाठी करायची. तुझ्यासाठी कोणी करणार नाही." मग पाऊण तास ते तिला फक्त करंगळी कशी ठेवायची ते शिकवीत होते. तिची आई चहा घेऊन दोनदा दारात येऊन गेली.

निघताना मी विचारले, "मग डबीला नाव लावायचे ना?"

"अर्धे लावा," ते म्हणाले.

नातीने ते शब्दशः घेतले. तिच्या डबीच्या झाकणावर पांढऱ्या रंगात आजोबांचे फक्त पाळण्यातले नाव आहे, आडनाव नाही. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत ती डबी वाजली, आणि त्यानंतर गायकवृंदातल्या दुसऱ्या एका मुलालाही तशीच हवी आहे. उरलेल्या पंधरा एफईटींपैकी त्याच्या कामाचे किती निघतात, ते सध्या आम्ही मापीत आहोत.